दासगावची वाट

महाड म्हटले की मराठी वाचकाला रायगड आठवतो, नाहीतर चवदार तळे. सावित्री नदी सहसा आठवत नाही. वास्तविक या गावाचे पोट शतकानुशतके तिच्यावरच भरले, आणि १९२७ सालचा प्रसंगही तिला वगळून नीट उलगडत नाही.

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री बाणकोटपाशी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून दूरवर आत चढते. मोठी गलबते दासगावला थांबत, लहान होड्या भरती साधून महाडपर्यंत येत. दुसऱ्या अंगाने वरंध घाटातून देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरे. घाट आणि खाडी यांची गाठ जिथे पडते, तिथे पेठ वसणे स्वाभाविकच होते. ही वाट किती जुनी असावी याचा अदमास गावाशेजारच्या गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांवरून येतो. अशी लेणी बहुधा व्यापारी मार्गांच्या आश्रयानेच कोरली गेली.

पेठेच्या गावात भोवतालच्या खेड्यांतला माणूस येणारच, आणि त्याला तहान लागणारच. तळ्याचा प्रश्न या अत्यंत साध्या गरजेतून तीव्र झाला. नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला.

डिसेंबरातील परिषदेच्या वेळी वाहतुकीचा प्रश्न उभा राहिला. मुंबईहून जलमार्गाने धरमतर आणि तेथून मोटारीने महाड, हा जवळचा मार्ग होता. पण मोटारमालक बहिष्कार घालतील अशी शक्यता होती. म्हणून बाबासाहेब व दोनशेहून अधिक प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने लांबच्या सागरी मार्गाने निघाले आणि दासगाव बंदरी उतरले. पुढचे सुमारे पाच मैल पायी जाता येणार होते. कोणाच्या मोटारीची मनधरणी करावी लागणार नव्हती. इतिहासग्रंथांतून हा तपशील एखाद्या वाक्यात उरकला जातो. मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. रस्त्यावरची मोटार ही नवी, ‘आधुनिक’ सोय. पण तिचे दार उघडायचे की नाही हे मालकाच्या हाती. खाडी जुनी, संथ, भरती-ओहोटीच्या लहरीवर चालणारी. त्या दिवशी तीच भरवशाची ठरली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरच्या हक्काचा न्यायालयीन निकाल लागायला मात्र १९३७ साल उजाडले.

लगेच पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. रस्ता जिंकला. बंदराची रया हळूहळू गेली, आणि नदी ही ‘ओलांडायची’ गोष्ट झाली. तोच पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला व दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल अवघ्या काही महिन्यांत, जून २०१७ मध्ये खुला झाला. ही तत्परता कौतुकास्पद खरी, पण ती आधी का सुचली नाही, हे विचारायलाच हवे.

मधल्या काळात औद्योगिक वसाहत आली, तीही प्रामुख्याने रसायनांची. नदीचा उपयोग आता दोनच कामांसाठी उरला : पाणी उचलणे आणि सांडपाणी सोडणे. कोकण रेल्वेचा रोहा–वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला; रेल्वे गावात आलीच नाही, वीर आणि दासगावच्या अंगाने पुढे निघून गेली.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाली. नदीतला साचलेला गाळ आणि दासगावजवळ खाडीत घातलेला रेल्वेचा भराव यांमुळे पाणी समुद्राकडे उतरत नाही, अशी रहिवाशांची तक्रार आहे. गाळ काढण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.