‘ब्रूटल लेजंड’ : एका खेळाची पूर्वप्रसिद्धी आणि प्रकारनामाचे मौन

१

कलाकृतीचा इतिहास ती प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून सुरू होतो, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. ग्रंथाच्या बाबतीत हे गृहीत बहुधा चालून जाते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र ते चालत नाही. मोठ्या खर्चाच्या खेळाची घोषणा तो बाजारात येण्यापूर्वी एकदोन वर्षे होते, आणि मधल्या काळात त्याची चित्रे, ध्वनिचित्रफिती, मुलाखती व नमुना-आवृत्त्या ह्यांचा एक स्वतंत्र संभार तयार होतो. ग्राहक प्रथम हा संभार वाचतो, मूळ कृती नंतर. म्हणून अशा खेळाच्या इतिहासकारापुढे दोन संहिता असतात : एक वचनाची, दुसरी वस्तूची. ह्या दोन संहितांमधील अंतर कसे निर्माण होते, ते कोण निर्माण करतो आणि त्याचे मोल कोणास द्यावे लागते, ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे हेवी मेटल संगीताच्या विश्वावर रचलेला ‘ब्रूटल लेजंड’ (२००९) हा अमेरिकन खेळ होय.

२

ह्या खेळाचे कर्ते टिम शेफर हे ‘लुकासआर्ट्स’ ह्या संस्थेत ‘फुल थ्रॉटल’ (१९९५) व ‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) ह्या खेळांमुळे नावारूपास आले. २००० साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘डबल फाइन’ ही स्वतःची संस्था काढली. तिचा पहिला खेळ ‘सायकोनॉट्स’ (२००५) समीक्षकांनी वाखाणला, परंतु आरंभी त्याची विक्री बेताचीच झाली. लहान संस्थेच्या दृष्टीने दुसऱ्या खेळाचे यश हा अस्तित्वाचाच प्रश्न होता, ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

‘ब्रूटल लेजंड’ची घोषणा २००७ च्या उत्तरार्धात झाली. त्या वेळी त्याचे प्रकाशकत्व व्हिवेंडी गेम्सच्या ‘सिएरा’ ह्या शाखेकडे होते. जुलै २००८ मध्ये व्हिवेंडी गेम्स आणि ॲक्टिव्हिजन ह्यांचे एकत्रीकरण पूर्ण झाले, आणि नव्या संस्थेने पुढे चालवावयाच्या खेळांची जी यादी जाहीर केली तीत ह्या खेळाचे नाव नव्हते. डिसेंबर २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स हा नवा प्रकाशक पुढे आला. नायकाला आवाज देणारे नट जॅक ब्लॅक हेच त्या महिन्यात ‘स्पाइक’ वाहिनीच्या व्हिडिओ गेम पुरस्कार समारंभाचे सूत्रधार होते. प्रसिद्धीला ह्याहून अनुकूल व्यासपीठ मिळणे कठीण.

ह्यानंतरचा प्रसंग न्यायालयीन आहे. जून २००९ मध्ये, लॉस एंजेलिस येथे खेळांचे मोठे वार्षिक प्रदर्शन चालू असतानाच्या सप्ताहात, ॲक्टिव्हिजनने कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल करून खेळाच्या प्रकाशनास मनाई मागितली. आपण ह्या कामात सुमारे दीड कोटी डॉलर गुंतविले असून प्रकाशनाचे हक्क आपण सोडलेले नाहीत, असे तिचे म्हणणे होते. डबल फाइनने जुलैमध्ये प्रतिदावा केला आणि ऑगस्टमध्ये तडजोड झाली. दावा दाखल होण्यापूर्वीच, त्याची कुणकुण लागली असता, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या वतीने एक उपमा देण्यात आली होती. कुटुंब टाकून गेलेल्या नवऱ्याने बायकोला अधिक देखणा जोडीदार मिळताच तिच्यावर फिर्याद करावी, तसा हा प्रकार होईल, असा तिचा आशय होता. ही उपमा वृत्तपत्रांतून फिरली. कायद्याची भाषा आणि बाजाराची भाषा ह्यांतील सीमा येथे पुसट होते. तंट्याचा प्रत्येक टप्पा वार्ता बनत होता आणि प्रत्येक वार्तेसरशी खेळाचे नाव पुन्हा लोकांच्या कानावर पडत होते. प्रकाशकाने टाकून दिलेली आणि तरीही जगलेली कृती, असे जे कथानक तयार झाले, ते हेवी मेटलच्या बंडखोर प्रतिमेशी आपोआपच जुळून गेले.

३

आता नावाकडे वळू. रोमन लिपीत ह्या खेळाच्या नावातील पहिल्या शब्दाच्या ‘यू’ ह्या अक्षरावर दोन टिंबे दिलेली आहेत. जर्मन भाषेत ह्या चिन्हास ‘उमलाउट’ म्हणतात आणि तेथे ते स्वराच्या उच्चारातील निश्चित भेद दर्शविते. परंतु ‘ब्रुटाल’ हा शब्द जर्मनमध्येही ह्या टिंबांवाचूनच लिहितात. तेव्हा येथे ती टिंबे ना इंग्रजीच्या उच्चारास उपयोगी, ना जर्मनच्या लेखनास संमत.

त्यांचा उगम रॉक संगीताच्या इतिहासात शोधावा लागतो. ‘ब्लू ऑयस्टर कल्ट’ ह्या अमेरिकन वाद्यवृंदाने सत्तरच्या दशकाच्या आरंभी, लंडनच्या ‘मोटरहेड’ने १९७५ मध्ये आणि लॉस एंजेलिसच्या ‘मॉटली क्रू’ने १९८१ मध्ये आपल्या नावांत ती वापरली. १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ ह्या विडंबनपर चित्रपटातील काल्पनिक वाद्यवृंदाच्या नावात तर ती ‘एन’ ह्या व्यंजनावर देण्यात आली, म्हणजे जेथे त्यांचा उच्चार संभवतच नाही अशा जागी. संकेत पुरता रूढ झाल्याखेरीज त्याचे विडंबन होत नाही. म्हणून ह्या चिन्हाचा अर्थ त्या सुमारास श्रोत्यांना पक्का परिचित झाला होता असे मानावयास हरकत नाही.

मराठी वाचकाला ह्या ठिकाणी आपल्याकडील अनुच्चारित अनुस्वारांची आठवण होईल. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी ते वगळले, तत्पूर्वी ते शब्दाच्या डोक्यावर टिंबाच्या रूपाने वावरत असत. उच्चारात नसलेले टिंब, एवढे साम्य खरे. तथापि भेद अधिक महत्त्वाचा आहे. आपला अनुस्वार निदान व्युत्पत्तीची वा विभक्तीची साक्ष देत असे. मेटल वाद्यवृंदांची टिंबे ध्वनी, व्युत्पत्ती आणि व्याकरण ह्यांपैकी कशाचीच साक्ष देत नाहीत. ती साक्ष देतात ती केवळ समूहाची. ती वाचणाऱ्याला ‘तू आमच्यांपैकी आहेस’ असे सांगतात, आणि न वाचू शकणाऱ्याला दाराबाहेर ठेवतात. देवनागरीत नाव लिहिताच ती गळून पडतात आणि ‘ब्रूटल लेजंड’ हे इतरांसारखेच एक नाव उरते. अर्थ लिपीत किती आणि ध्वनीत किती, ह्याचा हा एक लहानसा प्रत्यय होय.

प्रसिद्धीची सारी पद्धती ह्याच समूहवाचक खुणांवर उभी होती. प्रकाशनाची तारीख १३ ऑक्टोबर २००९. जाहिरातीत त्या महिन्याचे नाव ‘रॉक्टोबर’ असे केले गेले. नायकाचे नाव एडी रिग्ज. ह्यातील ‘एडी’ हे ‘आयर्न मेडन’ ह्या इंग्लिश वाद्यवृंदाच्या अस्थिपंजर बोधचिन्हाचे नाव, आणि ‘रिग्ज’ हे ते बोधचिन्ह रेखाटणाऱ्या डेरेक रिग्ज ह्या चित्रकाराचे आडनाव. (हा वाद्यवृंद फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेला, त्यामुळे ते बोधचिन्ह आपल्याकडील तरुण श्रोत्यांनाही अनोळखी नाही.) ऑझी ऑस्बोर्न, मोटरहेडचे लेमी, ‘जुडास प्रीस्ट’चे रॉब हॅलफर्ड आणि लिटा फोर्ड ह्या प्रत्यक्ष गायकांनी पात्रांना आवाज दिले. पंचाहत्तर वाद्यवृंदांची शंभरावर गाणी खेळात समाविष्ट करण्यात आली. रसिकाला ह्यातून एक आश्वासन मिळत होते : ही कृती बाहेरच्याने केलेली थट्टा नसून आतल्याने केलेली भक्ती आहे. हे आश्वासन खेळाने पाळले, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

४

वचन आणि वस्तू ह्यांचे अंतर पडले ते दुसऱ्याच ठिकाणी. ध्वनिचित्रफितींतून जे दिसे ते असे : हातात परशू, पाठीवर विजेरी गिटार, बुडाखाली धडधडणारी मोटारगाडी, आणि समोर राक्षसांची झुंड. सप्टेंबर २००९ मध्ये जी नमुना-आवृत्ती लोकांच्या हाती देण्यात आली, तीतही खेळाचा केवळ हा प्रारंभीचा भाग होता. पाहणाऱ्याने हा एकट्या वीराच्या मारामारीचा खेळ आहे असे अनुमान काढले, आणि उपलब्ध पुराव्यावरून ते अनुमान रास्तच होते.

प्रत्यक्षात काही तासांच्या खेळानंतर स्वरूप पालटते. नायक सैन्य उभारतो, तुकड्यांना आज्ञा देतो, आणि दोन रंगमंचांच्या दरम्यान लढाया सुरू होतात. ह्या प्रकारास खेळांच्या व्यवसायात ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’, म्हणजे चालत्या काळातील व्यूहरचना, असे म्हणतात. हा भाग मागाहून चिकटविलेला नव्हता. शेफर ह्यांनी सांगितल्याप्रमाणे मूळ कल्पना ह्या लढायांचीच होती आणि तिच्यामागे ‘हर्त्सोग त्स्वाय’ (१९८९) ह्या सेगा कंपनीच्या यंत्रावरील जपानी खेळाची प्रेरणा होती; अनेक खेळाडूंनी खेळावयाच्या लढाया आधी रचल्या गेल्या व एकट्याने खेळावयाची कथा त्यांच्याभोवती वाढली. जे गाभ्याचे होते तेच नेमके जाहिरातीत नव्हते.

असे का झाले? व्यूहरचनेचे खेळ संगणकावर, कळफलक व माऊस ह्यांच्या साहाय्याने, वाढलेले; दूरचित्रवाणीला जोडलेल्या कन्सोलवर ते खपत नाहीत अशी व्यापाऱ्यांची धारणा होती, आणि ‘ब्रूटल लेजंड’ तर त्या वर्षी केवळ प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० ह्या कन्सोलांसाठीच निघाला. विक्री-विभागाला हे प्रकारनाम उच्चारलेलेच नको होते, असे शेफर ह्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. अनेक खेळाडूंच्या सामन्यांविषयीची माहिती प्रकाशनापूर्वी व्यावसायिक नियतकालिकांतून आलेली होती, त्यामुळे जाणकार सर्वस्वी अंधारात होते असे नव्हे. परंतु सामान्य ग्राहकासाठी जे चित्र रंगविले गेले त्यात त्या नावाला स्थान नव्हते.

ह्यास असत्य म्हणावे काय? जाहिरातीतील प्रत्येक दृश्य खेळात होते. एकही विधान खोटे ठरत नाही. महाभारतातील अश्वत्थाम्याच्या वार्तेप्रमाणे येथे शब्द खरा आहे आणि ग्रह खोटा आहे. प्रकारनाम हे निव्वळ वर्णन नसते, तो वाचकाशी केलेला करार असतो. ‘कादंबरी’ म्हटल्यावर आपण एका रीतीने वाचू लागतो, ‘चरित्र’ म्हटल्यावर दुसऱ्या. नाव न सांगणे म्हणजे कराराची कलमे कोरी ठेवून सही घेणे होय. ग्राहक मग ती कलमे स्वतःच्या समजुतीने भरतो, आणि वस्तू हाती आल्यावर तिला त्याच समजुतीच्या मापाने मोजतो. अनेक खेळाडूंनी आणि काही समीक्षकांनी लढायांच्या भागावर जो रोष व्यक्त केला, त्यात त्या भागाच्या रचनादोषांचा वाटा होताच. परंतु फसवणुकीच्या भावनेचा वाटाही लहान नव्हता.

ह्या मौनाचा एक परिणाम अर्थनिर्णयाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. एडी रिग्ज हा गायक नाही, वादकही नाही. तो ‘रोडी’ आहे, म्हणजे वाद्ये वाहणारा, मंच उभारणारा, प्रकाशझोताबाहेर राहून दुसऱ्यांना उजळविणारा पडद्यामागचा माणूस. दुसऱ्यांची फौज उभारून तिला बळ देणे, हे जे लढायांतील कार्य, ते ह्या पात्राच्या स्वभावाचेच खेळरूप आहे. जाहिरातीने त्याच्या हाती एकटा परशू देऊन त्याला तारा बनविले. ज्या माणसाने तारा होण्याचे नाकारावे त्यालाच. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. ह्या लढायांत सैन्य उभारण्याचे द्रव्य म्हणजे सोने वा धान्य नसून रसिक आहेत. जमिनीतून उसळणाऱ्या रसिकांच्या झऱ्यांवर वाद्यवृंदाच्या मालाची दुकाने थाटून त्यांना आपल्या बाजूस ओढावयाचे असते. रसिकांचे प्रेम मालाच्या रूपाने कसे गोळा केले जाते, ह्याचे इतके स्पष्ट चित्र ज्या भागात आहे, तोच भाग माल विकणाऱ्यांनी झाकून ठेवला.

५

परिणाम थोडक्यात सांगता येतात. समीक्षकांचे मत एकंदरीत अनुकूल राहिले, आणि आवाज, संगीत व चित्रसृष्टी ह्यांची प्रशंसा झाली. त्याच १३ ऑक्टोबरला अमेरिकेत ‘अनचार्टेड २’ हा प्रतिस्पर्धी खेळ निघाला, आणि महिन्याभराने ‘मॉडर्न वॉरफेअर २’ आला. विक्री प्रकाशकाच्या अपेक्षेस उतरली नाही. हाती घेतलेला उत्तरभाग इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने रद्द केला. डबल फाइनने मग मोठ्या खेळाऐवजी पूर्वी प्रयोगादाखल रचलेल्या लहान कल्पनांकडे मोर्चा वळविला. ‘कॉश्च्यूम क्वेस्ट’ (२०१०) आणि ‘स्टॅकिंग’ (२०११) हे त्याचे फळ. ‘ब्रूटल लेजंड’ची संगणक-आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. तोपर्यंत त्यात व्यूहरचनेचा भाग आहे हे सर्वांना ठाऊक झालेले होते, आणि नवा वाचक जुन्या वचनाच्या ओझ्यावाचून कृतीकडे येऊ शकत होता.

ह्या उदाहरणावरून एकच कारण सर्वस्वी जबाबदार ठरविणे युक्त नव्हे. प्रकाशकाचा बदल, न्यायालयीन तंटा, प्रकाशनाचा मोसम आणि रचनेतील उणिवा ह्या सर्वांचा हिशेब धरावा लागेल. परंतु भाषेच्या अभ्यासकाला आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ह्यातून एक पद्धतिविषयक बोध घेता येतो. पूर्वप्रसिद्धीची साधने तपासताना त्यांत काय म्हटले आहे एवढेच टिपून भागत नाही. कोणता शब्द त्यांनी सातत्याने टाळला आहे, हेही टिपले पाहिजे. ‘ब्रूटल लेजंड’च्या जाहिरातीत निरर्थक टिंबे मोठ्या अक्षरांत होती आणि अर्थपूर्ण प्रकारनाम कोठेच नव्हते. ग्राहकाला त्या टिंबांनी जवळ बोलाविले, आणि न उच्चारलेल्या नावाने त्याला परत पाठविले.