तळटीप : बांधकाम परवानग्यांचा आकडा

* ‘परवानग्या वाढल्या, म्हणजे घरे वाढली’ : लेखकाचा हा निष्कर्ष मुंबईपुरता तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेत जनगणना खाते घरबांधणी परवान्यांचे आकडे दरमहा जाहीर करते आणि तिथे बाजाराची पुढची दिशा ओळखायला ते खरोखर उपयोगी पडतात. परवाना मिळाला की बहुतेक घरांचे काम लवकरच सुरू होते. मुंबईत प्रारंभ प्रमाणपत्र (बोलीत ‘सीसी’) टप्प्याटप्प्याने मिळते : आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. त्यामुळे एकाच इमारतीच्या नावावर अनेक मंजुऱ्या असू शकतात.

शिवाय सवलतीची मुदत मोजणीत शिरते. जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारने बांधकाम अधिमूल्यात 50 टक्के सूट दिली, ती 31 डिसेंबर 2021 पर्यंत. त्या काळातले प्रस्ताव घरांच्या मागणीपेक्षा या तारखेबद्दल अधिक सांगतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुनर्विकास. गिरगाव-परळकडच्या उपकरप्राप्त चाळी विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम 33(7) खाली पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतीत जुन्या भाडेकरूंची घरे आधी येतात. बाजारात येतात ती उरलेली. मंजूर सदनिकांतून ही घरे वजा केल्याशिवाय नव्या पुरवठ्याबद्दल बोलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि माणसे राहायला कधी गेली हे पाहायचे तर भोगवटा प्रमाणपत्रेच मोजावीत, तीही काही वर्षांच्या अंतराने. – संपा.