तिसरी पेटी

जुन्या विलीज किंवा महिंद्रा जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन ठेंगणे दांडे असतात. एकत्र कुटुंबातल्या अबोल काकांसारखे ते वर्षानुवर्षं जागच्या जागी उभे. एक पुढच्या चाकांना कामाला जुंपतो, दुसरा गाडीचा वेग निम्म्याखाली उतरवून तितकंच बळ वाढवतो. दोघांची मुळं एकाच बिडाच्या पेटीत जातात. इंजिन पहिली पेटी धरली, गिअरबॉक्स दुसरी, तर ही तिसरी: ट्रान्सफर केस.

गॅरेजच्या खड्ड्यात उतरून ही पेटी खालून पाहिली की तीन गोष्टी खटकतात. मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला आहे. हँडब्रेकचा ड्रम चाकाजवळ नसून पेटीलाच चिकटलेला आहे. आणि पेटीच्या पाठीवर बोल्टांनी आवळलेलं एक झाकण आहे, ज्याला पुढे काहीच जोडलेलं नाही. हे झाकण कशाचं, असं मिस्त्रींना विचारलं तर ‘ते तसंच असतं’ हे पुण्यातलं ठरलेलं उत्तर मिळतं. उत्तर चूक नाही. फक्त त्याच्यामागची वंशावळ मोठी आहे.

चारही चाकांना जोर देण्याची कल्पना मोटारीच्या बालपणातली. इंग्लंडमध्ये ब्रामा जोसेफ डिप्लॉक याने 1893 साली वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनासाठी तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावी ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिच या मेव्हण्या-मेव्हण्यांनी 1908 च्या सुमारास ती मोटारीत उतरवली. पण शक्ती पुढच्या चाकांपर्यंत न्यायची तर शाफ्ट वाकता हवा आणि वाकूनही फिरता हवा. ती सोय क्लॅरेन्स स्पायसरच्या युनिव्हर्सल जॉइंटमुळे झाली. त्याचं पेटंट 1903 चं. आपल्याकडे ‘जीपचा क्रॉस गेला’ असं ज्याला म्हणतात, तो हाच.

1940 मध्ये अमेरिकी सैन्याला हलकी टेहळणी गाडी घाईने हवी होती. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि 23 सप्टेंबरला पहिली गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी ती लाखोंनी बनवली. तिच्या पोटातली पेटी स्पायसर कंपनीची, मॉडेल 18. उजवीकडे सरकलेल्या गोळ्याचं उत्तर इथे सापडतं. पुढचा प्रोपेलर शाफ्ट इंजिनाच्या तेलटाकीला बगल देऊनच जाऊ शकतो. एकाच शाफ्टच्या दोन टोकांनी पुढचं आणि मागचं काम भागवलं की पेटी आखूड आणि साधी होते. म्हणून पुढचा शाफ्ट उजवीकडून गेला, त्याच रेषेत मागचाही.

झाकणाचं उत्तर शेतकऱ्याकडे आहे. युद्ध संपताच 1945 मध्ये विलीजने नागरी जीप काढली ती नांगर, पंप आणि मळणी डोळ्यांसमोर ठेवून. पेटीच्या पाठीवरच्या त्या भोकातून शक्ती बाहेर काढून ही यंत्रं चालवायची होती. नांगराला संथ चाल लागते, म्हणून युद्धातल्या जीपचं 1.97 हे लो-गिअरचं गुणोत्तर नागरी जीपमध्ये जवळपास अडीचवर नेलं. पहिला गिअर आणि अ‍ॅक्सल धरून हिशेब मांडला, तर सैनिकाच्या जीपमध्ये इंजिनाच्या सुमारे 26 फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते, शेतकऱ्याच्या जीपमध्ये सुमारे 37 ना. आज ताम्हिणीच्या चिखलात पुणेकराची जुनी जीप मुंगीच्या चालीने वर चढते, तेव्हा उपयोगी पडते ती नांगराची चाल.

ही शेतकरी शाखाच भारतात आली. 1945 मध्ये सुरू झालेल्या आणि 1948 पासून महिंद्रा अँड महिंद्रा नावाने चाललेल्या कंपनीने 1949 मध्ये मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-3बी ही जीप अमेरिकेत 1968 ला बंद पडली. इथे तिचा वंश कितीतरी दशकं चालला. मग पेट्रोल महागलं आणि जीपमध्ये डिझेल इंजिनं आली. महिंद्राने स्वतः बसवली, गल्लोगल्लीच्या गॅरेजांनीही बसवली. डिझेलचे दणके वेगळे. त्यांत आधी गिअरबॉक्स कुरकुरू लागला आणि पाठोपाठ ट्रान्सफर केस. ‘पेटी बदलू या’ हे वाक्य बहुधा इथूनच सुरू होतं.

बदलायची म्हणजे काय, याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, त्याच घराण्यातली धाकटी पिढी आणायची. मॉडेल 18 च्या मधल्या शाफ्टची जाडी काळागणिक वाढत गेली: सुरुवातीला सहा सूत, मग एक इंच एक सूत, शेवटी एक इंच दोन सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लेथवाले आजही हेच माप बोलतात. हा शाफ्टच या पेटीचा दुबळा दुवा आहे, कारण तेल कमी झालं की आधी तोच झिजतो. जाड शाफ्टची पेटी मिळाली तर सोनं. मात्र आत जाणाऱ्या गिअरचे दाते आधी मोजावे लागतात, कारण जुन्याला 26 आणि नव्याला 29. इथे पत्रिका जुळली नाही तर लग्न मोडतं.

दुसरा मार्ग चुलत घराण्याचा. 1960 च्या दशकात आलेल्या डाना 20 या पेटीत मागचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत असतो. हायमध्ये शक्ती दात्यांतून वळसा न घेता थेट मागे जाते, त्यामुळे जीपची ती सुप्रसिद्ध घुरघुर थांबते. पण लो 2.03 च. शिवाय मागचा गोळाही मध्यावर आणावा लागतो. पेटी बदलायला निघालेला माणूस अशा रीतीने अ‍ॅक्सल विकत घेऊन घरी येतो.

तिसरा मार्ग जीपचा नव्हे, वेगळ्याच कुळातल्या गाडीचा. 1985 साली आलेल्या मारुती जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मधे आखूड शाफ्ट ठेवून ती वेगळी टांगलेली असते, म्हणून बदलायला सोपी. जुन्या एक लिटरच्या जिप्सीतल्या पेटीचं हाय 1.58 आणि लो 2.51, नंतरच्या 1.3 लिटरवालीचं 1.41 आणि 2.27. मोठे टायर लावून गाडी मंदावली की हौशी लोक नव्या जिप्सीत जुनी पेटी बसवतात. दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो आणि टायरांनी हिरावलेला जोर परत मिळतो. ज्येष्ठ पिढीला घरात बोलावून सुधारणा होते, असं यंत्रांत क्वचितच घडतं.

पुण्यात हे जमतं कारण सगळी पंचक्रोशी हाताशी आहे. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशीब आजमावता येतं, भोसरीत गिअर कापून देणारे आहेत. एक अडथळा कागदावरचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांना मुरड घालतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक भूमिका घेतली. म्हणून जाणता मिस्त्री काम हाती घेण्याआधी आरसी बुक मागतो.

आणि मग तो पहिला पाना लावतो तो पाठीवरच्या झाकणाला. मॉडेल 18 गिअरबॉक्सपासून सोडवायची तर तेच आधी उघडावं लागतं. आत गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचं टोक दिसतं, त्यावर एक नट. तो सुटल्यावर आत जाणारा गिअर मागे ओढून घेता येतो आणि पेटी मोकळी होते. ज्या भोकातून कोणीतरी मळणीयंत्र फिरवणार होता, त्याचा पुण्यातला एकमेव उपयोग हा. काम संपलं की मिस्त्री झाकण पुसतो, सील लावतो, बोल्ट पुन्हा आवळतो. कोणी विचारलंच तर सांगतो, ते तसंच असतं.