हलगी, तबकडी आणि खेळ

जालना जिल्ह्यांतील आमच्या वडीगोद्रीच्या आसपासच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरला म्हणजे हलगीवाल्याचा मान मोठा. मल्लांनीं सलामी दिली कीं हलगी संथ वाजूं लागते. पकड बसली कीं ठेका चढतो. आणि पाठ मातीला लागण्याच्या क्षणीं टिपरूं असें कडाडतें कीं अगदीं मागें बसलेल्यालाही न पाहतां निकाल कळावा. कुस्ती किती वेळ चालेल हें कोणासच ठाऊक नसतें. वादकाची नजर मल्लांच्या खांद्यांवर खिळलेली असते, आणि हात त्या नजरेचे चाकर असतात.

कांहीं वर्षांपूर्वीं एका फडांत हलगीवाला आलाच नाहीं. तेव्हां मंडळींनीं आधीं मुद्रित केलेली हलगी कर्ण्यावर लावली. मल्ल अजून एकमेकांचा अंदाज घेत होते, तोंच कर्ण्यांतून निकालाचा कडकडाट सुरू झाला. आणि खरी पकड बसली तेव्हां मुद्रण संपून नुसती खरखर उरली. लोक हंसले. मला मात्र एक प्रश्न सुटेना. आवाज हुबेहूब होता. मग चुकलें काय?

माझा नातू पुण्यास संगणकावरील खेळ तयार करण्याच्या व्यवसायांत आहे. त्याला हा प्रसंग सांगतांच तो म्हणाला, "आजोबा, आमच्या धंद्याचें दुखणें हेंच आहे." तें कसें, हें मीं त्याच्याकडून हळूहळू समजून घेतलें.

दुखणें संगणकाहून जुनें आहे. बालगंधर्वांच्या नाटकांत 'वन्स मोअर' आला कीं पद पुन्हां फुलत जाई आणि साथीदार गायकाच्या मागोमाग जात. तेंच पद तबकडीवर घ्यावयाचें म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटांत आवरावें लागे, आणि एकदां आवरलें कीं तें कायमचें तसेंच राही. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्या मूकपटांच्या काळांत पेटी-तबलेवाले पडद्याकडे पाहून वाजवीत. १९३१ सालीं 'आलम आरा' बोलूं लागला आणि संगीत फितीलाच जखडलें गेलें. त्यांत चित्राचें नुकसान झालें नाहीं, कारण चित्रही आधींच ठरलेलें होतें. खेळांत तसें नसतें. पुढचा क्षण खेळणाऱ्याच्या बोटांत असतो. तो दारापाशीं दहा पळें थांबेल किंवा दहा मिनिटें.

१९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनीनें 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ काढला. त्यांत खालीं उतरणारे चार सूर पुन्हां पुन्हां वाजतात, आणि शत्रु कमी होत जातात तसतशी त्यांची लय चढते. येथें मुद्रण मुळींच नव्हतें. यंत्र तो नाद जागच्या जागीं उत्पन्न करी. नाद दरिद्री खरा, पण वागणूक आमच्या हलगीवाल्याची! पुढें १९८३ सालीं 'मिडी' नांवाची पद्धति निघाली. तिच्यांत ध्वनि नसतो. कोणता सूर, किती जोरानें, केव्हां लावावा आणि केव्हां सोडावा, एवढी चिठ्ठी असते. वाचणारें यंत्र ती चिठ्ठी हवी तर जलद वाचील, हवी तर मधलें एखादें वाद्य गाळील. ह्याच सोयीवर अमेरिकेंतील लुकासआर्ट्समध्यें मायकेल लँड व पीटर मॅकॉनेल ह्यांनीं 'आयम्यूझ' ही रचना उभी केली. १९९१ च्या 'मंकी आयलंड २' मध्यें खेळाडू एका जागेंतून दुसरींत शिरला कीं सुरावट योग्य स्थळीं वळण घेई.

मग सीडी आली, आणि खरीं वाद्यें, खरे गळे खेळांत आले. मीं जन्मभर गणित शिकविलें, म्हणून हिशेब केल्यावांचून राहवलें नाहीं. सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास दोन बाइट, डावी-उजवी मिळून दोन बाजू; एका मिनिटाचे १,०५,८४,००० बाइट होतात. त्या वेळच्या सात फ्लॉप्या एका मिनिटाला पुरल्या नसत्या. सीडीवर जागा होती. पण गाणें संपून पुन्हां आरंभाकडे जातांना यंत्राच्या डोळ्याला जागा शोधावी लागे आणि मध्यें शांतता पडे.

जागेचा प्रश्न पुढें सुटला. खरी अडचण मुद्रणाच्या स्वभावांत होती. लहानपणीं आपण तबकडी मुद्दाम जलद फिरवून गवयाला चिमणीसारखें गावयास लावीत असूं. लय चढविली कीं सूरही चढे. आजचा संगणक दोन्ही वेगळीं करूं शकतो, परंतु फार ताणल्यास ढोलाच्या आघाताची धार बोथट होते. शिवाय एकत्र मुद्रित केलेल्या वाद्यमेळांतून एकटी सनई बाजूस काढणें म्हणजे दुधांत विरलेली साखर परत मागणें. आणि मध्येंच तोडावें, तर सुराची घुमक अर्ध्यांत चिरडली जाते. कानाला ठेंच लागते.

ह्यावर खेळकर्त्यांनीं काढलेली तोड आपल्या तबलजींना नवी वाटणार नाहीं. वाद्यें निरनिराळीं मुद्रित करून सगळीं एकदमच चालूं ठेवावयाचीं, आणि प्रसंगाप्रमाणें कोणाचा आवाज उघडावयाचा, कोणाचा झांकावयाचा. वळण घ्यावयाचें तें समेवर. नवा तुकडा समेवर सुरू होतो, तरी जुन्याची घुमक त्याच्याखालीं विरूं देतात. ह्यांतही एक पेंच आहेच. मिनिटास साठ मात्रांच्या लयींत चार मात्रांची वाट पाहिली, तर चार सेकंद गेले. तोंवर शत्रूनें वार केलेला असतो! म्हणून संकटासाठीं समेची वाट न पाहणारे छोटे तुकडे वेगळे ठेवावे लागतात.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनें 'राजी' हा खेळ २०२० सालीं जगापुढें आणल्यापासून नातवाच्या मनांत आपल्याकडील वाद्यांचा ध्यास आहे. गेल्या दिवाळींत तो एका वृद्ध हलगीवाल्याला घेऊन बसला. संथ ठेक्याचीं आठ आवर्तनें, चढत्याचीं आठ, आणि कडकडाट निराळा, अशी त्याची मागणी. म्हाताऱ्यानें हलगी शेकोटीवर तापविली, कानाशीं धरली, आणि माझ्याकडे वळून विचारलें, "आन् कुस्ती कुठंय, मास्तर?"

शेवटीं शेजारचीं दोन पोरें अंगणांतल्या मातींत लावून दिलीं, तेव्हां हात चालले. आणि काय चालले! मुद्रणांत पोरांचें ओरडणेंही उतरलें तें सोडा. नातवाचा परवां दूरध्वनि आला: संथ म्हणून घेतलेला ठेकाही संथ राहिलेला नाहीं, आंतल्या आंत चढत गेला आहे, आणि आठव्या आवर्तनाचा शेवट पहिल्याच्या आरंभाशीं कांहीं केल्या जुळत नाहीं. सरळ करावा तर हलगी मरते, असें तो म्हणतो. पाडव्याला तो पुन्हां येणार आहे. पोरांनीं आतांपासूनच लंगोट धुवून ठेवले आहेत.