कंपनी, मेळा आणि मे महिन्याचं शिबिर

दरवर्षी मार्च संपत आला की आपल्या बॅचच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. मुलगी नववीत आहे, गाते बरी, नाटकाचीही आवड आहे, तर सुट्टीत संगीत नाटकाचं एखादं चांगलं शिबिर सुचवा. हल्ली हाच प्रश्न काहींच्या नातवंडांसाठी येऊ लागलाय. उत्तरादाखल जाहिरातींचे फोटो येतात, फीचे आकडे येतात आणि ‘समारोपाला भव्य रंगमंचावर प्रयोग’ ही ओळ ठळक अक्षरांत येते. स्मरणिकेसाठी इतिहासाचा लेख लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं की या प्रश्नाचाच इतिहास सांगावा. गाणारं मूल नाटकात घालावं का आणि कोणाच्या हाती सोपवावं, हा प्रश्न मराठी घरांत शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. पूर्वी त्याची किंमत मोठी होती.

आपल्या भागात गाणं आणि सोंग यांची जोडी नाटक कंपन्यांहून कितीतरी जुनी आहे. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडं रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी अशी सोंगं घ्यायची, गात गात बोलायचं, समोरच्याला हसवायचं आणि हसता हसता त्याच्या पदरात विचार टाकायचा, अशी ती रीत. तिथे तिकीट नव्हतं आणि शिक्षकही नव्हता. मुलं मोठ्यांच्या मागे टाळ घेऊन उभी राहत आणि बघून बघून शिकत. उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहाला ‘संत एकनाथ रंगमंदिर’ हे नाव आहे ते म्हणूनच शोभतं.

मराठी संगीत नाटकाची रीतसर सुरुवात मात्र पुण्यात झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. पाठोपाठ नाटक कंपन्या निघाल्या आणि गोड गळ्याच्या मुलांना मागणी आली. बायकांनी रंगमंचावर यायचं नाही असा तो काळ. म्हणून शकुंतला, सुभद्रा, शारदा या भूमिका मुलगे आणि तरुण पुरुष करत. कंपनी गावोगाव फिरे आणि मूल तिच्याबरोबर फिरे. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकला पाठ करणं, रात्री प्रयोग. जेवणखाण कंपनीचं. त्या काळातलं हेच नाट्यप्रशिक्षण होतं, आणि ते सुट्टीपुरतं नसे. बहुतेकांची शाळा तिथेच सुटे.

कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांचंच बघा. जन्म १८९०चा. अगदी लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. देवलांचं हे १८९९चं नाटक म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं. म्हणजे बालपण हिरावलेल्या मुलीचं दुःख गाऊन दाखवणारा नटही स्वतः बालपण कंपनीत काढणारा मुलगाच होता. पुढे १९०८च्या पहिल्या दिवशी हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. तेव्हा ते अठराच्या आतबाहेर असतील. १९२१ साली ते गेले. उणंपुरं एकतीस वर्षांचं आयुष्य, आणि जवळजवळ सगळं रंगमंचावर.

या मुलांच्या आयुष्यात सर्वांत मोठं संकट तेरा ते सोळा या वयात येई, ते म्हणजे आवाज फुटणं. ज्या गळ्यासाठी कंपनीने सांभाळलं तोच गळा एक दिवस घोगरा होई. वरचा षड्ज लागेना, मधेच आवाज चिरकू लागे. भास्करबुवा बखले किर्लोस्कर मंडळीत मुलगा म्हणून होते. आवाज फुटला आणि त्यांचं कंपनीतलं कौतुक संपलं. ते बाहेर पडले आणि वडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे, पुढे नत्थन खाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षं तालीम घेतली. त्यांचा थोर गायक झाला. १९१६ साली ‘संगीत स्वयंवर’ आलं, त्यातल्या पदांना चाली याच भास्करबुवांच्या. एका मुलाचं असं सोनं झालं. आवाज गेल्यावर पडदे ओढण्यात, सामान बांधण्यात ज्यांची उमर गेली, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव. त्यांचं आडनाव फुलंब्रीकर, म्हणजे नावातच आपली फुलंब्री आहे. त्यांचा जन्म आळंदीचा, १८९८चा. तेही लहानपणी नाट्यकला प्रवर्तक मंडळीत काम करत. पुढे गंधर्व नाटक मंडळीत ते नट आणि संगीतकार म्हणून नावाजले. ‘वंदे मातरम्’ सर्वांना एकत्र गाता येतं हे घटना समितीच्या सदस्यांना गाऊन दाखवणारे हेच मास्टर कृष्णराव.

‘वंदे मातरम्’वरून आपल्याच शहराची गोष्ट आठवते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत, शिक्षणाचं माध्यमही उर्दूच. मराठी शिकवणाऱ्या खासगी संस्था थोड्या. १९१५ साली सुरू झालेली सरस्वती भुवन त्यांतली एक. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं घर इथे नव्हतं. इथल्या मुलांची गाण्या-नाटकाची शाळा म्हणजे गणेशोत्सवातले मेळे. शाळेतून आल्यावर गल्लीतली मुलं जमायची, पेटी-तबल्यावर पदं बसवायची, मधे एखादा संवाद, एखादा छोटा प्रवेश, आणि दहा दिवस चौकाचौकांत सादर करायचं. त्या पदांत देशाची गोष्ट असे, म्हणून सरकारचं लक्षही असे. १९३८ साली इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. चळवळ हैदराबादपर्यंत पसरली, विद्यार्थ्यांची नावं कॉलेजातून कमी झाली आणि अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. एकत्र गाणं ही या गावात नुसती करमणूक नव्हती, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

मुलींसाठी दार उघडायला वेळ लागला. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका १९३०च्या आगेमागे रंगमंचावर उतरल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे गायल्या. संगीत रंगभूमीची पहिली पन्नासएक वर्षं घरंदाज मुलीला तिथे शिकायला जाणं शक्यच नव्हतं. ‘माझ्या मुलीला कुठे घालू?’ हा ग्रुपवरचा साधा प्रश्न विचारता येण्यासाठी दोन पिढ्यांना झगडावं लागलं आहे.

तोवर बोलपट आला आणि कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. मूल घर सोडून शिकायला जाण्याची रीत संपली. पुढे मुलांच्या नाटकाचा वेगळा विचार सुरू झाला. १९५९ साली सुधा करमरकरांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ त्यांनीच मुलांसमोर आणलं. १९८६ साली मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्सची गाण्यांनी भरलेली बालनाट्यं पुण्यात मराठीत आणली. १९८९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने ‘संस्कार रंग टोली’ स्थापन केली आणि मुलांसाठी उन्हाळी कार्यशाळा घेतल्या. मुलाने मोठ्यांचं नाटक पाठ करून म्हणायचं नाही, त्याने स्वतः खेळत शोधायचं, हा विचार आज सगळ्या चांगल्या शिबिरांत दिसतो.

आपल्या शहरातही नाटक रुजत होतं. मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समोर झालं. १९५८ साली विद्यापीठ आलं, पुढे त्यात नाट्यशास्त्र विभाग आला आणि कमलाकर सोनटक्के यांच्यासारखे शिक्षक लाभले. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, अजित दळवी यांची ‘जिगीषा’ इथेच जन्मली आणि मग मुंबईला गेली. या सगळ्याचा भर मात्र मुख्यतः गद्य नाटकावर होता. गाणारं नाटक आपल्याकडे राहिलं ते शाळांच्या स्नेहसंमेलनांत.

आपल्या शाळेतही तेच. संमेलनात ‘शारदा’तला एक प्रवेश बसवायचं ठरलं होतं. आठवीपासून काळी चारमध्ये खणखणीत गाणारा आपला एक मित्र नववीत एकदम फुटक्या भांड्यासारखा वाजू लागला. मुलं हसली. संगीताच्या सरांनी पेटी पुढे ओढली, चार-पाच पट्ट्या बदलून बघितल्या आणि ‘तू पांढरी एकमध्ये म्हण, वरचं सोडून दे,’ एवढंच म्हणाले. त्याचं पद दोन ओळींचं झालं. पण ते त्याचंच राहिलं. तो आजही गातो, कदाचित या स्नेहमेळाव्यातही गाईल. शंभर वर्षांपूर्वीची कंपनी अशा मुलाला गाण्यातून उठवायची. आपल्या सरांनी त्याला पट्टी बदलून दिली. माझ्या मते शिबिर निवडण्याची सगळी गुरुकिल्ली या एका प्रसंगात आहे.

तेव्हा जाहिरात बाजूला ठेवून चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, आवाजाची. शिकवणाऱ्याला थेट विचारा, ‘आवाज फुटत असलेल्या मुलाला तुम्ही काय देता?’ पट्टी उतरवतो, आवाक्यातली पदं देतो, ताण आला की थांबवतो, असं उत्तर आलं तर माणूस जाणकार. ‘सराव केला की येईल,’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, जरा कमी ठळकपणे. त्यांनाही ओरडून गायला लावू नये.

दुसरी, साथीची. नाट्यपद नट जसा थांबेल तसं थांबतं, शब्दाला जोर दिला तर वाढतं, वन्समोअर मिळाला तर पुन्हा फिरतं. म्हणून गंधर्व मंडळीत ऑर्गन, सारंगी आणि तबला यांना नटाइतकंच महत्त्व होतं. नुसत्या कराओके ट्रॅकवर मूल गाणं पाठ करेल; नाटकात गाणं शिकणार नाही. निदान एक पेटीवाला आणि एक तबलजी रोज तालमीला बसतो का, ते बघा.

तिसरी, प्रयोगाची. पंधरा दिवसांत अख्खं संगीत नाटक बसत नाही. बसलं असं कोणी म्हणत असेल तर दोन-चार तयार मुलं पुढे आणि बाकीची चाळीस मागे गर्दीत उभी असणार. एक प्रवेश, दोन पदं, एखादं भारुड, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला एकदा तरी एकट्याने बोलणं-गाणं, एवढं पुष्कळ झालं. समारोप शाळेच्या हॉलमध्ये झाला तरी बिघडत नाही.

चौथी, देखभालीची. कंपनीत गेलेल्या मुलाचं दुखलं-खुपलं घरी कळायला आठवडे लागत. आज तसं चालणार नाही. निवासी शिबिर असेल तर मुलींच्या व्यवस्थेला जबाबदार बाई कोण, घरी फोन कधी करता येतो, पालकाला तालीम बघता येते का, हे लेखी घ्यावं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तालमी सकाळच्या हव्यात आणि पिण्याच्या पाण्याची सोय हवी.

प्रमाणपत्राचं फार मनावर घेऊ नका. दहावीला कलेचे सवलतीचे गुण असतात. पण सुट्टीतल्या शिबिराचा कागद त्यासाठी चालेल असं कोणी सांगितलं तर आधी शाळेत विचारून खात्री करा.

आणि मुलाला एकदा पैठणच्या वाटेवर न्या, कुठे भारुड असेल तर ऐकवा. मग शिबिर लहान असलं तरी त्याला त्याची मुळं कळतील.

भास्करबुवांना आवाज गेल्यावर गुरू शोधत गावं पालथी घालावी लागली. आपल्याला ते शाळेतच भेटले, पेटी घेऊन, दर शनिवारी, फी न घेता.