लहान मूल कोर्टात साक्ष देतं तेव्हा कायदा त्याला काय आधार देतो?

कोर्टात साक्ष द्यायची म्हटली की मोठ्या माणसालाही घाम फुटतो. मग आठ-नऊ वर्षांच्या मुलाने आपल्यावर झालेला अत्याचार तिथे कसा सांगायचा? लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत मुलांना हे सांगता यावं, यासाठी पोक्सो कायद्यात खास तरतुदी आहेत. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला हा कायदा १८ वर्षांखालील सर्व मुलामुलींसाठी आहे.

एवढ्या लहान मुलाची साक्ष चालते का?

हो. साक्षीदारासाठी किमान वयाची अट नाही. मुलाला प्रश्न समजतात का आणि त्यांची नीट उत्तरं देता येतात का, हे न्यायाधीश पाहतात. १२ वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरं बोलायचं असतं हे कळत असेल, तर शपथेविनाही साक्ष घेता येते.

पोलीस जबाब कुठे घेतात?

मुलाच्या घरी किंवा ते सांगेल त्या ठिकाणी. शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकारी जबाब घेतात. त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.

कोर्टात काय वेगळं असतं?

- सुनावणी बंद दाराआड होते. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते.
- वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश ते मुलाला विचारतात. उलटतपासणीतही हाच नियम आहे.
- दरडावून प्रश्न विचारायला किंवा चारित्र्यावर शिंतोडे उडवायला मनाई आहे.
- मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरतात. आरोपीला मात्र साक्ष ऐकू येते, कारण बचावाचा हक्क त्यालाही आहे.
- मधेमधे विश्रांती देतात. साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलावू नये, असंही कायदा सांगतो.

विशेष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते. उशीर झाला तर त्याची कारणं लिहावी लागतात. प्रत्येक जिल्हा न्यायालयात अशा साक्षीदारांसाठी किमान एक स्वतंत्र केंद्र असावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात दिले.

मदतीला कोण असतं?

बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने 'सपोर्ट पर्सन', म्हणजे सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. पुढची तारीख कधी, कोर्टात कोण कुठे बसतं, खटला कुठवर आला, हे ती समजावून सांगते. मुलाला भीती वाटत असेल तर ती यंत्रणेपर्यंत पोहोचवते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाषी आणि अपंगत्व असेल तर विशेष शिक्षक बोलावता येतो.

आधार द्या, उत्तरं पढवू नका

काळजीपोटी घरचे मुलाला "असंच सांग हं" असं शिकवतात. हीच चूक महागात पडते. साक्ष पढवलेली आहे, असं कोर्टाला वाटलं तर खरी तक्रारही कमकुवत होते. म्हणून मुलाला एवढंच सांगा: जे आठवतं ते सांग. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग. चुकलास म्हणून कोणी रागावणार नाही.

आणि आपण?

पीडित मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, घरच्यांची माहिती किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "न्याय मिळवून देऊ" म्हणून फोटो फॉरवर्ड करणाऱ्यालाही यातून सूट नाही. मदत करायची असेल तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा.