कागदी संघांचा खेळ

फँटसी खेळाचा आजचा साचा अमेरिकेत बेसबॉलवर घडला. 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. खऱ्या खेळाडूंची बोली लावायची आणि हंगामभराच्या आकडेवारीवर जिंकायचे, असा तो डाव होता.

महाराष्ट्रात हा साचा क्रिकेटला लागू झाला. 2008 मध्ये, आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ‘ड्रीम11’ ही कंपनी स्थापन केली. पुढे हंगामाऐवजी एकेका सामन्याचा डाव रूढ झाला. शंभर क्रेडिटच्या अंदाजपत्रकात अकरा खेळाडू बसवायचे; कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. त्यामुळे महागड्या फलंदाजापेक्षा चार षटके टाकणारा स्वस्त अष्टपैलू अनेकदा फायद्याचा ठरे. नाणेफेकीनंतर अंतिम अकरा जाहीर झाले की संघ बदलण्याची घाई उडे.

2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ मानला. 2020 मध्ये ड्रीम11 आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि कंपनीने पैसे लावून खेळायच्या स्पर्धा थांबवल्या.